अण्णांच्या चटणीतली गोळी

११ फेब्रुवारी, केडगाव

हां, मग? माहीत होतं मला. तू आता वही उघडणार आणि विचारणार, एवढी शिकलेली पोरगी, व्यसनमुक्ती केंद्रात कामाला, आणि तुला कळलं नाही का. कळलं. सगळं कळत होतं. पुढचं वाचायचं तर वाच, नाहीतर ठेव खाली. मी कुणाला हात धरून बसवलेलं नाही.

काल दुपारी अण्णा पडले. माझे वडील. जामखेडच्या बाहेर एक लग्न, नवरदेव मारुतीला निघालेला, बँडमास्तर अण्णा बँडच्या पुढं क्लॅरोनेट घेऊन. पार्टीवाल्यांनी नेहमीसारखी आधीच क्वार्टर दिलेली. बँडवाल्यांना देतातच. मास्तरांचा हात थरथरतो, एक लावली की सूर नीट लागतो, हे सगळ्या तालुक्याला माहीत. काल एक लावली आणि पंधरा मिनिटांत तोंड मिरचीसारखं लाल, उलटी, छातीत धडधड, आणि रस्त्यातच बसले. बसले ते आडवे झाले.

हे आईने फोनवर सांगितलं. दवाखान्यातून. ईसीजी बरा आला, बीपी पार खाली, सलाईन चालू. डॉक्टरने विचारलं काय घेतलं होतं. आई म्हणाली, नेहमीचंच.

मग ती बाहेर पायरीवर आली असावी, कारण मागचा आवाज बदलला. म्हणाली, "पूजे, मी ती गोळी दिल्ती. तू सांगितलीस ती."

मी म्हणाले बरं.

बरं म्हणाले. 

११ फेब्रु., नंतर

नीट लिहून ठेवते. महिन्यापूर्वी आईचा फोन आला होता, दारू सोडायची काही गोळी असती का गं. मी कॉम्प्युटरवर होते, माहितीपत्रकाची मार्जिन लावत होते. म्हणाले असते की. डायसल्फिराम. ती चालू असताना प्यायलं की त्रास होतो, म्हणून माणूस पीत नाही. ती म्हणाली लिहून पाठव. पाठवलं.

पेशंटला सांगितल्याशिवाय द्यायची नाही, हे पुढचं वाक्य मी सांगितलं का? सांगितलं असेल. नसेल. मेसेजमध्ये नाही, आत्ता बघितलं.

मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता दिली. अण्णांची लसणाची चटणी वेगळ्या बरणीत असते, इतकी तिखट की घरात दुसरं कुणी बोट लावत नाही. आईने तीच निवडली. परवा रात्रीच्या जेवणापासून.

१२ फेब्रुवारी

माझं काम: केंद्राचं माहितीपत्रक लिहिणे, फाईली टाइप करणे, रविवारच्या कुटुंबसभेची नोंद ठेवणे. एम.ए. झालेल्या, आणि दोन लघुअनियतकालिकांत कुणी न वाचलेलं काहीतरी छापून आलेल्या मुलीला पुणे रोडवर याहून वेगळं काय मिळणार.

पत्रकाचा पहिला मसुदा मी एकाच वाक्यात लिहिला होता, पूर्णविराम न देता, घोटापासून जळत्या चितेपर्यंत. मॅडम (केंद्राच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, आवाज कायम खालच्या पट्टीत) वाचून म्हणाल्या, पूजा, हे छान आहे, पण पेशंटची बायको बसमध्ये उभी राहून वाचणार आहे. लहान वाक्यं कर.

केली. आजची:

लिव्हर दुखत नाही. म्हणून बिघडलेलं कळत नाही. आधी चरबी साठते, मग सूज, मग ते कडक होत जातं. चरबीपर्यंत थांबलं तर बरंचसं भरून येतं.

बीअर ही दारूच आहे. देशी ही दारूच आहे. "फक्त शनिवारी" ही सुद्धा.

रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या तीन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. घरी कोंडून ठेवू नका. डॉक्टरकडे न्या.

दारूवर झोपेची गोळी घेऊ नका. दोन्ही मिळून श्वास मंद करतात. झोपेतला माणूस उठत नाही.

डबा खाल्ला. भेंडी होती.

१३ फेब्रुवारी

आईचा फोन. अण्णा चादरीवरच्या मुंग्या झटकतायत. मुंग्या नाहीत. घामाने गादी ओली. नर्सला म्हणाले, बाय, बँड का थांबवला, नवरदेव उभा हाय.

मॅडमला विचारलं, पण असं विचारलं की एका नातेवाईकाचा फोन आलाय. मॅडम म्हणाल्या, दवाखान्यात आहे ना, मग ठीक, तिथेच ठेवा, इंजेक्शन चालू ठेवतील, दोन दिवसांत उतरेल. आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मी प्रिंटरमध्ये कागद भरला.

म्हणजे हे मी काल लिहिलेलंच. तिसरा दिवस. पत्रकात आणि तिथं, एकच.

मला काही वाटत नाहीये हे मी इथं नोंदवते. वाटल्याचं नाटक वहीत तरी नको.

१५ फेब्रुवारी, जामखेड

सकाळच्या गाडीने आले. स्टँडवर गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टर ओरडतो नगर नगर.

अण्णा घरी आलेत. खाटेवर, भिंतीला टेकून, दाढी वाढलेली, हातात चहाची बशी. बशी हलते पण सांडत नाही. मला बघून म्हणाले, "आलीस व्हय. बस." 

मग म्हणाले काळजाला धक्का बसलाय. डॉक्टर तसं म्हणाला नाही, पण त्यांना कळतंय. पडले तेव्हा त्यांना स्वतःचं शरीर वरून दिसलं म्हणे, रस्त्यात पडलेलं, डोक्यावर बँडची टोपी तशीच. म्हणाले, "आंगच म्हन्लं आता, मास्तर, पुरं. तेवीस वर्सं कुनाचं ऐकलं न्हाई. आंगाचं ऐकावं लागतं."

आई दारात उभी होती, तांदूळ निवडत. मान वर नाही.

१६ फेब्रुवारी, जामखेड

आईशी बोलले. मागच्या अंगणात, कपडे धूत होती तिथं. सांगितलं की हे धोक्याचं आहे, माणूस मरू शकतो, त्या दिवशीच मेला असता. बंद कर.

ती कपडे पिळत राहिली. म्हणाली, मेला असता तर मीच मारला म्हणायची ना तू. मग म्हणाली, त्याने रोज थोडं थोडं मारलं तवा कुठं पत्रक काढलं कुणी.

तिच्या डाव्या कोपराखाली जुना चट्टा आहे. मी सातवीत होते. त्याबद्दल आम्ही बोलत नाही, आजही नाही बोललो.

निघताना अण्णांनी डोक्यावर हात ठेवला. असं ते करत नाहीत. हात हलत होता, म्हणजे माझं डोकंही हललं थोडं.

२३ फेब्रुवारी, केडगाव

कुटुंबसभा. शेवगावकडची एक बाई उठली, नवरा आत दाखल आहे, घरी गेल्यावर गुपचूप द्यायची गोळी लिहून द्या म्हणाली. भाजीत टाकते, त्याला कळायचं नाही.

मॅडम एरवी चिडत नाहीत. आज आवाज चढला नाही पण कडक झाला. म्हणाल्या, ज्याला माहीत नाही तो सावध राहणार नाही. तो पिणारच. मग बीपी पडेल, हृदय थांबू शकतं. शेवटच्या गोळीनंतरही पंधरा दिवस तिचा असर अंगात असतो. आणि नुसती बाटलीतलीच नाही, खोकल्याची काही औषधं, टॉनिक, ज्यात अल्कोहोल असतं ते सगळंच. ही गोळी पेशंटच्या हातात, पेशंटच्या सहीने. नाहीतर ती गोळी नाही, विष घालणं आहे.

मी नोंदवहीत लिहून घेतलं. अक्षर चांगलं आलंय, पान दाखवण्यासारखं.

सभेनंतर आईला फोन. बंद केलीस ना?

"व्हय."

मला तेवढं व्हय पुरलं. पुढं विचारलं नाही. आई खोटं बोलताना कशी बोलते ते मला चांगलं माहीत आहे. अशीच बोलते.

२ मार्च

मॅडमनी पत्रकात एक ओळ वाढवायला दिली. पिणाऱ्याच्या घरात वाढलेली मुलं बऱ्याचदा काय वाटतंय हे दाबायला शिकतात, आणि मोठेपणी त्यांना काही वाटलं तरी ते कळत नाही, अशा अर्थाची. टाइप केली. शुद्धलेखन तपासलं. फॉन्ट बाकीच्यांपेक्षा लहान दिसत होता, तो वाढवला.

नवीन काही लिहून झालं नाही. एक गोष्ट सुरू केली होती जिच्यात कुणालाच नाव नाही. चौथ्या पानावर मलाच कळेना कोण कुणाला मारतंय.

९ मार्च, जामखेड

अण्णांनी काल एक लग्न वाजवलं. कोरडं. पार्टीवाल्याने क्वार्टर पुढं केली, यांनी हात जोडले. मी नव्हते तिथं, हे शब्बीरचाचांनी सांगितलं. चाचा बँडमध्ये ढोल वाजवतात, वीस-बावीस वर्षं अण्णांबरोबर. स्वतः कधी थेंब घेतला नाही. लग्न आटोपल्यावर अण्णांना सायकलवर घालून घरी आणायचं काम मात्र त्यांचंच. रोजे चालू आहेत त्यांचे, तरी दुपारी खास येऊन बसले, पाणी नको म्हणाले, आणि सांगत राहिले. पहिल्या गाण्याला सूर जरा फाटला, दुसऱ्याला लागला, तिसऱ्याला तर पोरं नाचायची थांबून बघायला लागली.

अण्णा समोर बसून ऐकत होते, दुसऱ्याच कुणाचं चाललंय असं. मग म्हणाले, "गोळी न्हाई, बुवा न्हाई, गंडा न्हाई. माजं मी सोडलं. सांग तुज्या मॅडमला. लिव म्हनावं कागदात."

चाचा हसले. म्हणाले, बेटा, फोटू बी छाप मास्तरचा, टोपी घालून.

मीही हसले. आई चुलीकडे होती. भाकरीची थाप एकदा चुकली.

जेवताना अण्णांनी ती बरणी जवळ ओढली, चमचाभर चटणी घेतली, वर तेल. मी बघत बसले. तांदळाच्या डब्यात हात घातला तेव्हा तळाशी कागदी पाकीट लागलं होतं, त्यात गोळ्यांची पट्टी, अर्धी रिकामी. हे जेवणाच्या आधी. आणि मी भात वाढून घेतला.

का गप्प बसले, तर आज सत्तावीस दिवस झाले. घरात कुणी कुणावर ओरडलेलं नाही. आईने नवी साडी बाहेर काढून नेसली. अण्णा संध्याकाळी पायरीवर बसून नखं कापतात. कोण मोडणार हे? मी?

मी हातपाय धुऊन गाडीला गेले.

१७ मार्च, केडगाव

आईचा फोन, कामाच्या मधे. परत प्याला. तोंड लाल, उलट्या, भिंतीला धरून उभा. म्हणतो प्यालो न्हाई. आई म्हणाली, वास येतोय तोंडाला गोड गोड, आणि म्हणतो न्हाई. माझ्या तोंडावर खोटं.

आता बरं आहे का? बरं आहे, निजलाय. दवाखान्यात नेणार का? न्हाई. कशाला. ह्यो त्याचा धंदाच.

मग आवाज हळू करून म्हणाली, आता एक पुरत न्हाई, दोन टाकते.

मी म्हणाले थांब. मी येते. टाकू नकोस. तिने फोन ठेवला होता.

मॅडमकडे रजा मागितली, घरगुती कारण. त्या म्हणाल्या, जा. आणि मग, पूजा, सांगायचं असेल तेव्हा सांग. मी म्हणाले सांगण्यासारखं काही नाही.

१८ मार्च, जामखेड

घरात शांत. पण ही दारूच्या दिवसांतली शांतता.

अण्णा खाटेवर नव्हते, बाहेर दगडावर उन्हात. तोंडावरची सूज उतरलेली. मी जवळ बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, तेवीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोललोय तर कुणाला पटंना. तुझी आई तर आईच. पण काल शब्बीर बी मान खाली घालून गेला. बँडातली पोरं हसली. म्हणाली मास्तरची फ्यूज परत उडाली.

मी विचारलं, मग झालं काय?

काही नाही. दुपारी जेवले, अर्ध्या तासात अंग पेटलं.

"पूजे, तू तरी. तू शिकलेली हायेस. वास घे." आणि तोंड उघडून माझ्याजवळ आणलं. कालचा वास आज कसा येणार, हे त्यांनाही कळत असेल. मी घेतला. बाप तोंड उघडून पोरीसमोर, आणि मी वाकून वास घेतेय. दातांचा, तंबाखूचा. आणि खाली कुठंतरी लवंगेसारखं, मनुक्यासारखं.

विचारलं, आज काही गोड घेतलंय का?

ते म्हणाले, ते ताकदीचं औषध, घोटभर. शब्बीरने दिलंय. लगीनसराईत फुंकायला दम पुरंना म्हणून. त्याच्या बायकोला बाळंतपणात दिल्तं. काल जेवल्यावर अर्धा गिलास घेतलं, गोड लागलं म्हणून. काल त्रास झाला म्हणून आज थोडंच.

आज थोडंच. म्हणून कान लाल होते. मी उन्हामुळं समजले होते.

बाटली आत फळीवर, देवाच्या फोटोमागे. द्राक्षासव. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात, आपोआप तयार होणारं अल्कोहोल, इतके टक्के. आसवात ते असतंच, मुरवतानाच तयार होतं. कुणी वाचतं? चाचांनी नाही वाचलं. जन्मभर दारूला न शिवलेला माणूस रोजा धरून चालत आला आणि मास्तरला ताकद म्हणून हे देऊन गेला.

म्हणजे अण्णा खरं बोलत होते. अक्षरन् अक्षर.

बाटली मोरीत ओतली. अण्णांना म्हणाले, हे तुम्हाला चालत नाही, घेऊ नका. का, ते नाही सांगितलं. त्यांनी विचारलंही नाही.

तेव्हा सांगता आलं असतं. दोघंच होतो.

१९ मार्च, जामखेड

आईला रिकामी बाटली दाखवली. मागचं वाचून दाखवलं. तो प्यायला नव्हता आई. औषध म्हणून घेतलं, तुझ्या गोळीवर पडलं.

तिने बाटली हातात घेतली, उलटी सुलटी केली. वाचता येतं तिला, पण चष्मा नव्हता.  मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "मग ही बाटली आनायची न्हाई घरात. झालं की. गोळीचं कशाला सांगतीस?"

मी म्हणाले त्याला माहीत असायला पाहिजे, तो कुठंही काहीही घेईल.

ती म्हणाली, सांगितलंस तर त्याला कळंल की त्यानं सोडलीच नव्हती. मग तो काय कागदात छापून घेनार हाय व्हय? तो आज पिईल. आन पिल्यावर तू केडगावला असशील. मी हितं.

  याचं उत्तर मॅडमकडे असेल. मॅडम जामखेडला राहत नाहीत.

विचारलं, दोन टाकल्यास का. तिने चुलीत फुंकर घातली. म्हणजे टाकल्या.

बरणी मी उचलून नेली, चटणी राखेत कालवून टाकली. आई बघत होती. म्हणाली, लसूण हाय घरात. आनखी करता येती.

तिच्या आवाजात राग नव्हता, हे वाईट. रोजचं काम सांगावं तसं म्हणाली.

१९ मार्च, संध्याकाळ

आता खरी गोष्ट.

परवा लग्न आहे, खर्ड्याकडं, मोठी पार्टी. शब्बीरचाचा सांगायला आले होते, टेम्पो किती वाजता, कोण कोण. अण्णांशी सरळ बोलेनात. अण्णाच म्हणाले, शब्बीर, तुला बी वाटतं मी प्यालो?

चाचा ढोलाच्या दोरीशी खेळत म्हणाले, मास्तर, सोडा ना आता. व्हतं असं माणसाकडनं. मी कुठं काय म्हन्लो.

ते माफ करत होते. न केलेल्याची माफी. मी बघितलं, अण्णांच्या तोंडावरून काहीतरी निघून गेलं. काय ते मला नाव देता येणार नाही आणि द्यायचंही नाही.

चाचा गेल्यावर ते माझ्याकडं वळले नाहीत, आईकडं पण नाही, रस्त्याकडं बघत म्हणाले, "पिलो न्हाई तरी पिलोच म्हंत्यात. मग परवा पितोच. निदान खोटं तरी ठरनार न्हाई."

साधं म्हणाले. शपथ नाही, आदळआपट नाही. म्हणून खरं वाटलं.

आईने ऐकलं. माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. तिला माहीत आहे अंगात काय आहे आणि किती. मला माहीत आहे पंधरा दिवस म्हणजे किती. ज्याच्या अंगात आहे त्यालाच माहीत नाही.

परवा पार्टीवाला क्वार्टर पुढं करणार. दुपार, ऊन, रस्ता, रिकाम्या पोटी.

आई भांडी लावायला गेली. ताट ठेवल्याचा आवाज आला नाही, म्हणजे ती नुसती उभी असणार आत.

२० मार्च, एसटीत

हलतंय. वाचता आलं तर आलं.

सकाळी आंघोळ केली, बॅग भरली. अण्णा पायरीवर, मांडीवर क्लॅरोनेट सुटं करून, कापडाने आतून पुसत होते. तोंडात वाद्याची पत्ती, वेताची, ती वाजवायच्या आधी तोंडात धरून ओली करावी लागते, नाहीतर किंचाळते. आई चुलीवर भाकरी करत होती, दार उघडं, ऐकू येईल एवढ्या अंतरावर. मला तसंच हवं होतं. तिच्या पाठीमागे नाही.

चपला घातल्या. बॅग खांद्याला. रात्री पाठ केलेलं सगळं गेलं डोक्यातून.

म्हणाले, "अण्णा, तुमच्या चटणीत गोळी होती. पडलात त्याच्या आदल्या दिवसापासून. तुमचं काळीज चांगलं आहे. तेरवाही तुम्ही प्यायला नव्हता, त्या आसवात दारू असते, गोळीमुळे बाधली. खरं बोलत होता तुम्ही. आई देत होती. नाव मी सांगितलं होतं. उद्या घेतलीत तर मराल. पंधरा दिवस काहीच नाही, औषधसुद्धा नाही. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा."

एवढंच. एका दमात, पूर्णविराम असतील नसतील.

आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता, कधीपासून माहीत नाही. जळका वास यायला लागला.

अण्णांनी पुसायचं थांबवलं. माझ्याकडं बघत होते. चिडलेले नाही, खचलेले नाही, बघत होते, एखादं गाणं ओळखायला लागतं तसं. मग हात वर गेला, तोंडातली पत्ती काढायला. दोन बोटं ओठांपर्यंत पोचली.

मी वळले. स्टँडपर्यंत चालत आले, पळाले नाही. गाडी लागलेलीच होती. माझ्यामागं कुणी हाक मारली का? बाजारातल्या लाऊडस्पीकरचा आवाज होता. मारली असेल.

आष्टी गेलं. कडा गाव आलं. कंडक्टरला सुटे देताना खिशात हात घातला तर मोबाईल नाही. घरीच, खाटेजवळ, चार्जिंगला. आत्ता वाजत असेल किंवा नसेल. चाचांना तरी सांगून यायला हवं होतं, उद्या टेम्पोत त्यांच्याजवळ बसा म्हणून.

इथं उतरून परतीची गाडी मिळते. अर्ध्या तासाला एक असते. ड्रायव्हर चहाला उतरलाय, दार उघडं आहे.

तो येतोय. बसला. दार लावलं कुणीतरी.

हात बघितले, हलत नाहीयेत.